दोन बोटे सोडून

फोटोग्राफरला सगळे 'दोनबोटे' म्हणत. खरे आडनाव वेगळेच होते, पण ते आता फक्त विजेच्या बिलावर उरले होते. फोटोत डोक्यावर दोन बोटे जागा, खांदे एका रेषेत, नजर समोर. या नेमाने त्यांनी तीस वर्षांत अख्ख्या वस्तीचे फोटो काढले होते, आणि त्यांत तान्ही बाळे अन् निवृत्त न्यायाधीश सारखेच अपराधी दिसत.

त्या दुपारी सुताराला त्याच्या मुलीने जवळजवळ ओढतच स्टुडिओत आणले. मुलगी संध्याकाळच्या गाडीने नोकरीसाठी दूर निघाली होती. तीन वर्षे तरी परतणार नव्हती. बरोबर न्यायला तिला बाबांचा फोटो हवा होता.

"घरी एकही नाही?" काउंटरवरून दोनबोट्यांच्या बायकोने विचारले.

"आहेत की, काकू. पण सगळ्यांत बाबा दुसऱ्याच कुणाचे तरी बाबा वाटतात."

दोनबोट्यांना हे झोंबले, कारण ते सगळे फोटो त्यांनीच काढलेले होते. त्यांनी सुताराच्या कानावरची पेन्सिल काढून घेतली, त्याला स्टुलावर बसवले, हनुवटी वर केली, खाली केली, पुन्हा वर केली. "हसा थोडं." सुतार हसला, दाढ काढून घ्यायला आल्यासारखा. बारा फोटो झाले. बाराही निर्दोष.

मुलीने संगणकाच्या पडद्यावर एकेक पाहिला. मग घड्याळ पाहिले. "असू द्या, काका. कुठलाही द्या."

हे 'कुठलाही' दोनबोट्यांना तक्रारीपेक्षा वाईट लागले.

सुतार मात्र सुटकेच्या आनंदात होता. "हे स्टूल डुगडुगतंय तुमचं," म्हणत त्याने ते उलटे केले आणि गुडघे टेकले. "माझी पेन्सिल द्या बघू." पेन्सिलीने स्टुलाच्या पायावर एक खूण केली, पेन्सिल कानावर गेली, आणि माणूसच बदलला. पाठ वाकली, मान खांद्यांत गेली. "कुणी रे ठोकलं तुला असं?" तो स्टुलाला विचारू लागला.

"हे बघा, हे आमचे बाबा," मुलगी हळूच म्हणाली.

दोनबोट्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. चेहरा दिसतच नव्हता, डोके चौकटीबाहेर जात होते. एक पाऊल मागे घेतले की सगळे नीट बसणार होते. तीस वर्षांच्या सवयीने पाय उचललाही गेला. तो त्यांनी मागे नेला नाही. पुढे टाकला. आता चौकटीत पाठ, कान, पेन्सिल आणि स्टुलाचे तीन पाय. त्यांनी बटण दाबले.

"अहो, डोकं कापलंत!" पडद्यावर पाहून बायको म्हणाली.

"मुद्दाम कापलंय."

"बरं वाटतंय ना तुम्हाला?"

सुतारही डोकावला. "यात माझं तोंड कुठंय?"

"मान वर करून कधी बोललात माझ्याशी, बाबा? फीचे पैसे मागितले तरी असंच बसून 'हं' म्हणायचात. मला हाच हवा."

"हं," सुतार म्हणाला, आणि पुन्हा स्टुलाकडे वळला.

फोटो छापून झाला. प्रत्येक फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का बसत असे. दोनबोटे शिक्का हातात धरून थांबले.

"मारा की," बायको म्हणाली. "कुणी काढला म्हणून लोक विचारतीलच."

त्यांनी शिक्का मारला. अगदी सरळ, कडेपासून दोन बोटे सोडून.