पाइप आला होता म्हणे

‘आक्का, माल कुणी उचलला का गं?’

माझ्या धाकट्या भावानं, दत्तानं, मला विचारलेला हा शेवटचा प्रश्न. पुण्याचा दवाखाना, जळीत वॉर्ड, तोंड सोडून सगळं अंग पट्ट्यांत गुंडाळलेलं, आणि हा टोमॅटोची चौकशी करतोय! मी म्हटलं, ‘चुलीत घाल तो माल. तू बरा हो आधी.’ तर म्हणाला, ‘तसं न्हाई गं... लोकांनी तोडा केलेला व्हता.’ त्यानंतर तो बोलला नाही. गेलाच. आता काही आठवडे होऊन गेलेत. रडून झालंय. उरलाय तो नुसता राग, आणि तो कमी व्हावा असं मला वाटतही नाही. भेटायला येणारे म्हणतात, ताई, जाऊ द्या, नशिबात होतं. नशिबात काही नव्हतं. जे होतं ते डिझेलच्या पाइपात होतं, आणि ते सगळ्यांना माहीत होतं.

आम्ही आळ्याचे. लग्न होऊन मी अवसरी बुद्रुकला आले, दत्ता आळ्यातच राहिला आणि ट्रकवर गेला. आधी दुसऱ्याच्या, मग स्वतःच्या. मंचरच्या बाजूला खेप असली की गाडी फाट्यावर लावायचा आणि तिथून असा हॉर्न मारायचा की शेजारणी म्हणायच्या, ‘टाका तवा, भाऊ आला.’ खुर्ची दिली तरी बसायचा नाही, उंबऱ्याशी उकिडवा बसून जेवायचा. मी काही बोलायला लागले की माझ्या नवऱ्याला सांगायचा, ‘दाजी, आमच्या आक्काला पहिल्यापासून ब्रेकच न्हाई.’ ब्रेक नाहीच मला. बरंच आहे. ज्यांना आहे त्यांनी काय दिवे लावले ते बघितलंय मी.

आमच्या भागातली एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. टोमॅटोचा तोडा, म्हणजे फळ उतरवणं, गाडी ठरल्याशिवाय कुणी करत नाही. गाडीवाला ‘येतो’ म्हणाला की शेतकरी पहाटे बायका लावतो, क्रेट भरतो. एकदा फळ उतरलं की ते कुणासाठी थांबत नाही, म्हणून तोडा झाला की गाडीवाल्यानं जायचंच. करारबिरार नसतो, फोनवरचं एक ‘येतो’ तेवढं. दत्तानं ते कधी मोडलं नाही. स्वतःच्या साखरपुड्यालासुद्धा हा बाबा वाशीला माल उतरवून आला, अंगात तोच सदरा, त्यावर टोमॅटोचे डाग. पाहुणे ताटकळलेले, आमची आई शरमेनं अर्धी झालेली. आणि त्याचा सासरा म्हणतो कसा, ‘राहू द्या हो, माणूस शब्दाचा दिसतोय.’ त्या दिवशी आम्ही पोट धरून हसलो होतो. आज ती गोष्ट आठवली की हसूही येत नाही.

नवी गाडी त्यानं आणि माझ्या मुलानं, निलेशनं, बरोबरच घेतली. एकच मॉडेल, एकच शोरूम, दोन्ही गाड्यांना एकाच दिवशी हार. पुढं बातमी आली की कंपनीनं त्या गाड्या परत बोलावल्यात. डिझेलचा पाइप आतल्या आत घासून फुटतो, डिझेल तापलेल्या इंजिनावर उडतं आणि गाडी पेट घेते, म्हणून पाइप बदलून देणार. आता नीट ऐका. दत्ता त्याच आठवड्यात स्वतःहून वर्कशॉपला गेला. कुणी बोलवायची वाट बघितली नाही. तिथला साहेब म्हणाला, ‘पार्ट आलेला नाही. आला की फोन करू.’ यानं विचारलं, ‘तवर गाडी चालवू का?’ साहेब म्हणाला, ‘चालवा की. काही होत नाही. जरा लक्ष ठेवा.’

लक्ष ठेवा! केबिनखालच्या पाइपावर माणसानं लक्ष ठेवायचं, स्टेअरिंग धरून, माळशेज घाटात. मग काय, कुत्रं बांधावं तसा डोळा तिथं बांधून ठेवायचा का? तो पुन्हा गेला, पुन्हा गेला. दर वेळी चहा पाजून परत पाठवला. निलेशचंही तेच. मी दत्ताला म्हटलं, ‘उभी कर ती गाडी.’ तो म्हणाला, ‘आक्का, सीझन हाय. लोकांनी लागवडी केल्यात माझ्या भरवशावर. त्यांनी काय करावं?’ मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. त्यावर त्यानं निलेशला निरोप दिला, ‘तुझ्या आईला विचार, सायलेन्सर बसवला का म्हणून.’

आणि मग एका सकाळी वर्कशॉपचा फोन आला, पाइप आलाय, गाडी घेऊन या. त्या वेळी दत्ता आळ्यातच एका बांधावर उभा होता, समोर क्रेट भरले जात होते. तो म्हणाला, ‘आज तोडा झालाय, साहेब. उद्या सकाळी पहिला नंबर माझा.’ दुपारी घाटात गाडीनं पेट घेतला. मागून त्याचा दोस्त शंकर येत होता, त्यानं सांगितलं की दत्तानं गाडी डोंगराच्या अंगाला घेतली, पण दार उघडेपर्यंत केबिनभर जाळ झाला होता. काच फोडून शंकरनंच त्याला ओढून काढला, माल गाडीतच राहिला. शंकरचे हात अजून बरे झालेले नाहीत.

आमच्याकडं दहाव्याला नदीच्या घाटावर माइक लागतो. ज्याला दुःख झालंय तो बोलतो, आणि ज्याला निवडणूक लढवायचीय तोही बोलतो. दत्ताच्या दहाव्याला वर्कशॉपचा तोच साहेबही उठला. इस्त्रीचा पांढरा शर्ट. म्हणाला, ‘दत्ताभाऊ आमच्या परिवारातले होते. आम्ही त्यांना त्याच दिवशी सकाळी फोन केला होता, पाइप आला होता, पण दुर्दैवानं ते आले नाहीत.’ ते आले नाहीत! म्हणजे दोष कुणाचा, तर मेलेल्याचा. समोर बसलेली माणसं माना हलवत होती. माझी भावजय खाली बघून पदर चावत होती. बायका आमच्यात दहाव्याला बोलत नाहीत. मी उठले आणि त्याच्या हातातून माइक घेतला.

काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. ‘परिवारातला म्हणं! घरच्या माणसाला कोण फुटका पाइप देऊन घाटात धाडतं?’ एवढं आठवतंय. मग म्हटलं, ‘याच गाड्या ज्यांच्याकडं हायत, त्यांनी हात वर करा.’ आधी कुणी हलेना. मग शंकरनं पट्टी बांधलेला हात वर केला, आणि मग बरेच झाले. त्यात निलेशचाही हात होता. म्हटलं, ‘आज घरी गेल्याबरोबर गाडीची चावी बायकोच्या हातात द्या. पाइप बदलल्याबिगर मागू नका.’ साहेब कधी निघून गेला ते कळलं नाही. निलेशची चावी मी त्याच दिवशी काढून घेतली.

गेल्या आठवड्यात सकाळी निलेश स्वयंपाकघरात आला. ‘आई, चावी दे.’ म्हटलं, कशाला? म्हणाला, ‘वर्कशॉपचा फोन व्हता, पाइप आलाय. पण एका बागायतदाराचा तोडा झालाय, त्याची ठरलेली गाडी बंद पडली. लई गयावया करतोय. एकच खेप मारतो, उद्या सकाळी बदलून घेतो.’ माझ्या हातातलं पीठ तसंच राहिलं. तो म्हणाला, ‘मामा असता तर आधी माल पोचवला असता.’

मी म्हटलं, ‘मामा न्हाई, निल्या. म्हणून तर चावी माझ्याकडं हाय.’

त्याच्याच फोनवरून मी त्या बागायतदाराला सांगितलं, भाऊ, दुसरी गाडी बघा, नाही मिळाली तर टोमॅटो जनावरांपुढं टाका, माझं पोरगं येणार नाही.  तो ‘बरं’ म्हणाला आणि फोन ठेवला. वाईट वाटलं. त्याची मेहनत होती ती, मलाही शेती आहे, मला कळतं. पण वाईट वाटलं म्हणून चावी दिली नाही.

निलेशबरोबर केबिनमध्ये बसून मी वर्कशॉपला गेले. पाइप बदलायला किती वेळ लागावा? माझा चहा गार व्हायच्या आत मेकॅनिक हात पुसत बाहेर आला. एवढंच काम! एवढ्यासाठी... काढलेला पाइप मी मागून घेतला. बोटाएवढा जाड, एका जागी घासून पातळ झालेला, नखानं दाबला तर दबत होता. मी तो पिशवीत टाकला तसा साहेब धावत आला. म्हणाला, ‘ताई, तो नेता येणार नाही. जुना पाइप कंपनीला परत पाठवावा लागतो. एक जरी कमी भरला तर आम्हाला जाब विचारतात.’

एका पाइपाचा जाब विचारतात!

मी म्हटलं, ‘माझा भाऊ कमी भरलाय. त्याचा जाब कुणी विचारला तुला?’  मी गाडीत बसले आणि निलेशला म्हटलं, चल. त्यानंतर त्यांचे फोन येतायत, पाइप द्या म्हणून. पाइप माझ्या घरी आहे, दत्ता जेवायला बसायचा त्या उंबऱ्याशी, खिळ्याला टांगलेला. मी त्यांना सांगितलंय, इथं या, उकिडवे बसा, त्याच्याविषयी दोन शब्द बोला आणि घेऊन जा. अजून कुणी आलेलं नाही.