बिरोबाच्या जन्माची ओवी

ग्यानबा धनगरासारखा गळा जवळा बाजारच्या आसपास दुसरा नव्हता, हे त्याचे वैरीसुद्धा कबूल करायचे. मेंढरं राखता राखता बिरोबाच्या ओव्या शिकला आणि जत्रांमध्ये त्याच्यावाचून पान हलेना. ढोल वाजवत ओळ टाकायची ग्यानबानं, ती झेलून पुन्हा म्हणायची रखमाजीनं. बैलजोडीच म्हणा ना!

नेम एकच, पण कडक. देवाच्या जन्माची ओवी सुरू झाली की देव जन्मेपर्यंत थांबायचं नाही. मधेच तोडली तर गावावर कोप.

अठ्ठ्याण्णवची जत्रा, भर दुपार. ओवी निम्म्यावर आली आणि रखमाजीनं छाती धरली. ग्यानबानं ते बघितलं. बघितलं बरं का! घामानं निथळणारं तोंड, पांढरे पडलेले ओठ, सगळं. पण याला वाटलं, आता राहिल्यातच किती ओळी? यानं ढोल वाढवला आणि पुढची ओळ टाकली. रखमाजीनं ती झेललीसुद्धा, चिरक्या आवाजात. देव जन्मला, भंडारा उधळला, आणि त्या पिवळ्या धुळीत रखमाजी कोसळला. जीप येईस्तोवर सगळं संपलं होतं.

लोक म्हणाले, काय भाग्याचं मरण! ग्यानबा ते ऐकलं की उठून जायचा. पुढं आठ वर्षं तो गायला, रेडिओवरही गायला. पण जन्माची ओवी लागली की नव्या जोडीदाराच्या आधी मागून तोच चिरका आवाज यायचा. रानात एकटा गुणगुणला तरी यायचा. शेवटी त्यानं गाणंच सोडलं.

रखमाजीची बायको सत्यभामाबाई मात्र जाता-येता मायेनं विचारायची, "भाऊजी, जेवले का?" तो मान खाली घालून पुढं निघायचा. हिला सांगितल्याशिवाय सुटका नाही, हे त्याला कळत होतं आणि धीर होत नव्हता. एका सकाळी तो तिच्या दारात जाऊन बसला.

"वैनी, त्यानं छाती धरली तवा म्या बघितलं व्हतं. तरी मी थांबलो न्हाई."

सत्यभामाबाई शेळ्यांना पाला टाकत होती. तिनं वळूनही बघितलं नाही.

"हे आज काहून सांगून राहिले, भाऊजी? मला ठाव हाय. मी म्होरंच बसलेली व्हते. त्यायनं माझ्याकडं बघितलं. उठा म्हणलं असतं तर उठले असते."

ग्यानबानं मान वर केली.

"म्या डोळ्यानंच म्हणलं, व्हऊ द्या पुरं."