अनुराधापूर काढून टाकलं, अन् दुपारी सासूबाई आल्या

मंडळी, दुपारपासून जीव थाऱ्यावर न्हाई, म्हणून इथं लिहायलेय.

सुट्टीत आम्ही दोन लेकरांना घेऊन श्रीलंकेला जायलोय. धाकटीला जरा ऊन लागलं की उलट्या होतात. अन् अनुराधापूरला बोधिवृक्ष, स्तूप सगळं उन्हात फिरून बघावं लागतं. म्हणून आज सकाळी मी प्लॅनमधून अनुराधापूरच काढलं. त्याऐवजी समुद्र अन् हत्ती घातले. नवरा म्हणाला, "बरं केलीस."

दुपारी निंबर्ग्याहून सासूबाई आल्या. पिशवीत वाटेसाठी कडक भाकरी, शेंगाची चटणी अन् लेकरांसाठी स्वतः शिवलेले पांढरे कपडे.

"अनुराधापुरात बोधिवृक्षापुढं जाताना हेच घाल," म्हणाल्या. मग धाकटीला मांडीवर घेतलं. "खाली पडलेलं पान दिसलं तर आजीला आण. तोडू नको बरं!"

त्यांनाही चला म्हटलं होतं. "माझ्या गुडघ्यापायी लेकरांचे हाल कामून?" म्हणून त्याच न्हाई म्हणाल्या.

अनुराधापूर काढलंय, हे त्यांना अजून सांगितलेलं न्हाई. आता धाकटी अंगणातलं एकेक पान उचलून विचारायलीय, "आजी, असलंच का?"

कुणी लहान लेकरं घेऊन अनुराधापूरला गेलंय का? पहाटेच पोचलं तर ऊन चुकतं का?