टाळी नव्हती, काठी होती

सोमवारी सकाळी डायरेक्टरचा पुण्याहून फोन आला, तेव्हा मी सोलापुरातल्या माझ्या एडिटिंगच्या खोलीत हिराक्कांचे ओठ बघत बसले होते. ओठ आधी हलत होते, शब्द मागून येत होते...

हिराक्का सांगोल्याकडच्या, मेंढ्या राखतात. आमचा छोटा माहितीपट त्यांच्यावरच आहे. चित्र कॅमेऱ्यात आणि आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला होता. अशा वेळी शॉट सुरू होताना टाळी वाजवतात. नंतर टाळीचं चित्र आणि तिचा आवाज एकावर एक ठेवले, की पुढचं सगळं जुळतं.

पण मी पहिलीच टाळी वाजवली आणि कळप उधळला. हिराक्का कडाडल्या, "टाळी बंद कर की गं बाई! मेंढरं बुजत्यात. ती काय तुझा बा गोळा करनार हाय?" मग आम्ही टाळी सोडूनच दिली.

आता डायरेक्टर म्हणत होता, "ताई, जुळत नसेल तर सोडा. इथली एक आर्टिस्ट डब करेल. आवाज गोड आहे तिचा."

"मग मेंढ्याही तिकडच्याच घ्या, गोड ओरडणाऱ्या," म्हटलं आणि फोन ठेवला.

नवऱ्यामागं एकटीनं कळप कसा राखला, हे ही बाई सांगतेय. ते दुसरीच्या गळ्यातून? माझ्या टेबलावर तरी नाही.

आवाज बंद करून नुसतं चित्र पुन्हा पहिल्यापासून बघितलं. तेव्हा दिसलं... बोलायच्या आधी हिराक्का दर वेळी हातातली काठी शेजारच्या दगडावर आपटतात. आपण घसा खाकरतो ना, तसं.

म्हणजे टाळी होतीच की! काठी दगडाला लागते तो क्षण आणि रेकॉर्डरमधली 'टक्' एकावर एक ठेवली. शब्द अलगद ओठांवर येऊन बसले. लांबलचक शॉटमध्ये आवाज पुन्हा घसरायला लागला, की पुढची 'टक्' पकडायची.

संध्याकाळी एक तुकडा हिराक्कांच्या मुलीच्या मोबाईलवर पाठवला. थोड्या वेळानं हिराक्कांचाच फोन. "व्हय गं, मीच बोलतीया की! पर आवाज लई घोगरा हाय." मग म्हणाल्या, "हाय तर हाय."

तोच तुकडा डायरेक्टरला पाठवला. खाली लिहिलं, डबिंग करणार असाल तर आधी माहितीपटातून माझं नाव काढा.

त्याचा मेसेज आला, "जुळलंय खरं. पण ताई, आवाज घोगराच वाटतो ना?"

थँक्यू, हिराक्का... उत्तर शोधावं लागलं नाही. टाइप केलं, 'हाय तर हाय.'