दादाने माझ्यासाठी ठेवलेली भाषा

दादाला शेवटचं भेटलो ते इस्पितळात, तो गेला त्याच्या आदल्या दिवशी, सकाळी दहा वाजता. त्याने डोळे उघडले आणि विचारलं, ‘‘पान्याला भरती लागली काय रं?’’ मी दचकलो. दादा म्हणजे यशवंत, माझ्याहून बारा वर्षांनी मोठा, मराठीचा शिक्षक. बेचाळीस वर्षांत त्याच्या तोंडून मी गावचं बोलणं ऐकलं नव्हतं. मी बाहेर जाऊन डॉक्टरांना सांगितलं, ‘‘ते असं बोलत नाहीत. मेंदूवर परिणाम झालेला दिसतोय.’’ त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं... या गोष्टीला आज सहा आठवडे झाले.

वडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. दादा नुकताच नोकरीला लागला होता. त्याने घरात नियम केला, की ‘हाय’, ‘न्हाय’ बंद. तोंडातून एकदा गेलं की तेच वाक्य शुद्ध करून दहा वेळा लिहायचं. पहिल्या वर्षी माझ्या तीन वह्या भरल्या, दुसऱ्या वर्षी एक, तिसऱ्या वर्षी वही लागलीच नाही. याचा मला अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर उपयोगही झाला. जवळच्या पूर्णा गावातल्या गोदामात मुलाखतीला गेलो तेव्हा साहेबांनी विचारलं, ‘‘पुण्याचे का?’’ तिथेच मी एकोणतीस वर्षं मालाची मोजणी करतो आहे. घर दादाने उभं केलं, मला त्याने शिकवलं. त्यातलं एक अक्षरही मी नाकारत नाही.

लग्नानंतर मी टेमघरला राहायला आलो. आई गावात दादाकडेच होती. चार वर्षांपूर्वी ती गेली, तोवर मी दर दुसऱ्या रविवारी दुपारी तिला भेटायला जायचो. वीस वर्षांत पाचशेच्या आसपास भेटी झाल्या असतील. आई म्हणायची, ‘‘ये. बस. जेवून जा.’’ मग हात मांडीवर ठेवून बसायची. एकेक शब्द निवडून, परीक्षेला बसल्यासारखी बोलायची. आमची आई मितभाषी, असं मी बायकोला सांगत आलो. मुलांनाही तेच सांगितलं.

दादाच्या दहाव्याला खाडीवर बाळाराम भेटला. दादाचा लहानपणापासूनचा मित्र. तो वहिनीशी बोलत होता आणि मी मागे उभा होतो. ‘‘सासूबाय लय बोलाची, वयनी. रविवारी सकाली ती नि दादूस बांधावर बसली का आमी कामं सोरून आयकाचो. अख्ख्या गावाच्या नकला कराची. सरपंचाची चाल तर अशी दाखवाची, का दादूस पोट धरून हसाचा.’’

मी पुढे होऊन म्हटलं, ‘‘माझ्यासमोर ती कधी बोलली नाही.’’

मला पाहताच बाळाराम सावरून उभा राहिला. त्याची भाषाही सावरली. ‘‘तुमच्यासमोर कशी बोलेल, साहेब? दादांनीच सांगितलं होतं तिला... धाकट्याला आपलं बोलणं आवडत नाही, तो हापिसात वावरतो, त्याच्यापुढे जपून.’’

असं वाक्य मी आयुष्यात कधीही उच्चारलेलं नाही. वहिनीकडे पाहिलं, तर तिने मान खाली घातली. ‘‘त्यांना वाटायचं, एकाने तरी पुरतं बाहेर पडावं,’’ ती म्हणाली.

पुरतं. म्हणजे आईतूनही. मला शुद्ध केलं त्याबद्दल राग नाही. मला वह्या लिहायला लावून तो स्वतः दर रविवारी सकाळी त्या बोलण्यात परत जात होता, आणि आईला माझ्या नावाने गप्प बसवत होता, हे मला क्षमा करता येत नाही. आई दोन होत्या. हसवणारी त्याच्या वाट्याला गेली. माझ्यापुढे तिची भाषा काढून घेतली आणि उरली ती मी मितभाषी म्हणून जपली. ज्याला जाब विचारायचा तोही गेला.

परवाच्या रविवारी सकाळी मी खाडीच्या बांधावर गेलो. बाळाराम आणि आणखी दोघे मोठ्याने हसत बसले होते. मला पाहून हसणं थांबलं. ‘‘या, बसा. इथे तुमचे बंधू बसायचे,’’ म्हणत बाळारामने गमछ्याने एक दगड पुसला. ओहोटीला सुरुवात झाली होती. लहानपणी आई ओहोटीला खेकडे धरून आणायची, एवढं मला आठवत होतं. मी बाळारामला विचारलं, ‘‘आई चिंबोऱ्या धरायला कुठे उतरायची?’’ तो दुसऱ्याकडे वळून भराभर काही बोलला. त्यात चिखलाचीच चार-पाच वेगळी नावं होती, आणि एकेका नावाबरोबर त्याचं बोट वेगळीकडे जात होतं. माझ्या गोदामात खोक्यांचे एकोणीस प्रकार आहेत. त्यांना नावं आहेत म्हणून मी ते लांबून ओळखतो. इथे मला या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच काळपट पट्टा दिसत होता.

मग बाळाराम माझ्याकडे वळला. थोडा अडखळला, योग्य शब्द शोधला आणि अदबीने म्हणाला, ‘‘तिथे, साहेब. त्या... चिखलात.’’

दादाच्या दगडावर बसून मी तिकडे बघत राहिलो. नेमकं कुठे, ते मला कळलं नाही.