पांदणीच्या कडेचा पोल

हरिचंद वारला, तेव्हा किसनरावांच्या ध्यानात आलं की या माणसाचं आडनावसुद्धा आपल्याला ठाऊक नाही. दीड वर्ष तो जवळजवळ दर रविवारी त्यांच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून चहा प्यायला होता. वीज खात्यात लाइनमन होता, रिटायर झाला होता, हिंगोलीत कुठल्याशा गल्लीत राहायचा, चहात साखर घ्यायचा नाही, आणि त्याची सायकल निळी, जाड टायरची होती. एवढंच. घरी कोण आहे, लेकरं किती, हे किसनरावांनी कधी विचारलं नाही. त्या माणसाजवळ त्यांना फार वेळ बसवतच नव्हतं.

किसनरावांचं शेत कनेरगाव नाक्याच्या अलीकडं, डांबरी सोडून आत. शेताच्या एका अंगानं पांदण जाते. दोन्हीकडच्या शेतांच्या मधून गेलेली ही गाडीवाट. ती कुणाच्याच मालकीची नसते. त्यांच्या वडिलांच्या काळात तिथून दोन बैलगाड्या शेजारी शेजारी जायच्या. आता एक ट्रॅक्टर गेला तरी तुरीच्या फांद्या त्याला घासतात. कारण दर साली नांगरताना किसनराव एक तास पांदणीत सरकत आले. नांगराचं एक तास म्हणजे वीतभर माती, एका साली डोळ्यांत भरत नाही. असं वीस-बावीस वर्षं चाललं. समोरचा शेजारीही तेच करत होता, म्हणून कोणी कोणाला बोलत नव्हतं.

दसऱ्याच्या सुमारास एका रविवारी सकाळी त्या पांदणीनं सात-आठ सायकली आल्या. डोक्यावर टोप, पाठीवर पिशव्या, बाया-माणसं दोन्ही. सगळ्यांत पुढं एक वयस्क माणूस होता. किसनरावांच्या शेताच्या कोपऱ्याला तो थांबला, हँडलवर बसवलेल्या मोबाइलमध्ये पाहिलं, मान वर करून पांदणीकडं पाहिलं, पुन्हा मोबाइलमध्ये काहीतरी दाबलं आणि गेला.

किसनराव तुरीत उभे होते. पांदणी मोकळ्या करायच्या म्हणून तहसीलची माणसं शिवारं मोजून राहिली, असं त्यांनी नाक्यावर ऐकलं होतं.

घरी येऊन ते गोजरबाईंना म्हणाले, "मोजणीवाले आले होते."

"सायकलवर?" गोजरबाई भाकरी थापत होत्या. "टोपडी घालून कोणती मोजणी व्हती?"

"आता मोबाइलातच व्हते सगळी."

"मंग व्हऊ द्या की. आपलं किती हाय ते आपल्याला ठाऊक हाय, त्यांनाबी व्हईल."

हे बोलणं त्यांना लागलं. पण त्यानं शहाणपण आलं नाही. पुढच्या शनिवारी दिवस मावळायच्या आत त्यांनी कोयत्यानं बाभळीच्या फांद्या तोडल्या आणि पांदण जिथं सगळ्यांत अरुंद होती, तिथं आडव्या टाकल्या. वर वाळलेलं गवत पसरलं. पिकात जनावर शिरू नये म्हणून शेतकरी काट्या टाकतच असतो, त्याचं कोणाला काही वाटत नाही. पण तो टाकतो आपल्या धुऱ्यावर. गवताखाली झाकून टाकत नाही.

रविवारी ते सकाळपासून शेतातच घोटाळत राहिले. आठाच्या सुमारास आवाज आला. पुढचा म्हातारा पडला होता. तोच हरिचंद. कोपर खरचटलं होतं, दोन्ही टायर बसले होते. मागचे सगळे वेळीच थांबले. किसनराव हातात विळा घेऊन, आताच आल्यासारखे तिथं गेले.

"राम राम, पाटील," म्हातारा बसल्या बसल्या म्हणाला. "घमेलंभर पाणी भेटंल का?"

किसनरावांनी विहिरीवरून पाणी आणलं. त्यानं चाकातून ट्यूब काढली, हवा भरली आणि म्हणाला, "जरा धरता का? माझा हात जरा दुखून राहिला." किसनरावांनी ट्यूब पाण्यात धरली. बुडबुडे एका जागेहून आले, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. आपल्या हातानं पाडलेलं भोक आपल्याच हातात धरून ते बुडबुडे पाहत राहिले. तो माणूस टायरमधून एकेक काटा उपटत होता आणि शर्टाच्या खिशात टाकत होता.

"फेका की तिकडं," किसनराव म्हणाले.

"अनवाणी बाया जातात ना या वाटेनं. रुतंल एखादीला."

त्यांच्यात प्रतिक्षा नावाची एक पोरगी होती, हिंगोलीत नर्स. ती चिडली होती. "काका, हे कोणी तरी मुद्दाम टाकलंय. वर गवत झाकलंय बघा."

हरिचंदनं एक फांदी उचलली. तोडलेल्या टोकावरून अंगठा फिरवला. घाव ताजा होता.

"शेळ्यावाल्यानं पाला तोडला असंल," तो म्हणाला.

"व्हय, शेळ्यावालेच," किसनराव घाईनं म्हणाले. "लई तकलीफ हाय त्यांची."

त्या वाटेनं शेळ्या नेणारा एकटा कोंडीबा होता, आणि तो आठ दिवसांपासून कळमनुरीला लेकीकडं गेला होता. एक खोटं झाकायला दुसरं बोलावं लागतं, हे किसनरावांना तिथंच कळलं. तरी खरं सांगितलं नाही. उलट विचारलं, "मोबाइलमधी काय लिहून राहिले व्हते तुमी मागल्या वेळी?"

"लिहीत न्हाई काही. किती किलोमीटर झालं ते दिसतं. कोणत्या वाटेनं आलो ते दिसतं. पोरांची हौस." तो किसनरावांकडं जरा वेळ पाहत राहिला. मग ठिगळं लावून दोन्ही चाकं बसवून त्यानं सायकल विजेच्या पोलाला टेकवली. त्या पोलाला किसनरावांचा बैल बांधला होता.

"हा पोल मीच रोवला, पाटील. सत्त्याण्णव साली."

त्या साली तो पोल पांदणीच्या कडेला होता, धुऱ्याच्या बाहेर. आता तो तुरीत उभा होता. पोल आणि पांदण यांच्यामध्ये दोन पुरुष आडवे झोपतील इतकं शेत होतं. हरिचंदनं पोलापासून पांदणीपर्यंत एकदा नजर टाकली.

"चांगली आली तूर," तो म्हणाला.

त्यानंतर किसनरावांनी काट्या टाकल्या नाहीत. उलट शनिवारी जाऊन पांदणीतला पडलेला काटा-कुटा ते स्वतः वेचायला लागले. हरिचंदही यायला लागला तो एक बेचक्याची काठी घेऊनच. बाकीच्यांच्या अर्धा फर्लांग पुढं राहायचा, वाटेत फांदी दिसली की उतरून बाजूला सारायचा. मग धुऱ्यावर टेकायचा. गोजरबाई चहा पाठवायच्या.

"तुमीबी बसा एखाद दिवस सायकलवर, पाटील."

"म्हाताऱ्याला कुठं गिअर लावता."

"अन मी काय पोरगं हाय? बासष्ट झाले." मग आपणच सांगायला लागायचा. "तीस वर्षं याच वाटांनी पोलावर चढायला आलो. लाइन गेली की लोक बोलवायचे, आली की शिव्या द्यायचे, उशीर काहून केला म्हणून. आता नुसताच येऊन राहिलो. कोणी बोलवत न्हाई, कोणी शिव्या देत न्हाई. चढ लागला की उतरायचं, उतार लागला की पाय सोडायचे. लई बरं वाटतं."

तो असं मोकळं बोलला की किसनराव जास्तच आखडायचे. सांगून टाकावं असं दर रविवारी वाटायचं. काट्या मी टाकल्या, एवढे तीन शब्द. कप खाली ठेवला की सांगू, असं ठरवायचे, आणि कप खाली ठेवला की तो उठायचा.

"सांगितलं का?" गोजरबाई विचारायच्या. त्यांनी त्या शनिवारी कोयता घरात नसलेला पाहिला होता.

"काय सांगायचं?"

"काटा रुतवून वरून चहा पाजायचा. असा पाहुणचार म्या न्हाई पाहिला कोणाचा."

दुसऱ्या सालच्या फाल्गुनात सलग दोन रविवार सायकली आल्या नाहीत. तिसऱ्या रविवारी आल्या, पण पुढं प्रतिक्षा होती. ती धुऱ्याजवळ उतरली. हरिचंदकाका पंधरा-सतरा दिवसांमागं, एका गुरुवारी गेले, म्हणाली. सकाळी अंघोळीला पाणी काढताना छातीत कळ आली आणि तिथंच बसले. मोबाइलमधला त्याचा फोटो तिनं दाखवला. फोटोखाली नाव होतं, आडनावासकट.

किसनराव बराच वेळ त्या आडनावाकडं पाहत राहिले. मग म्हणाले, "मला त्यांना एक सांगायचं राहिलं, बाई."

"काट्यांचं का, मामा?"

त्यांना वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं.

"काकांना त्याच दिवशी कळलं होतं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच सोसवत नव्हतं. "आम्ही भांडायला निघालो होतो. ते म्हणाले, त्या माणसाला वाटतं आपण त्याचं शेत मोजून राहिलो. म्हातारा माणूस हाय, भ्याला असंल. त्याच्या शेताजवळ आलं की मोबाइल खिशात ठेवत जा. तेव्हापासून आम्ही ठेवतो."

हे खरं होतं. किसनरावांनी ते पाहिलं होतं. कोपरा आला की सगळ्यांचे हात हँडलवरच्या मोबाइलकडं जायचे, आणि त्यांनी दीड वर्षात त्याचा अर्थ एकदाही लावला नव्हता.

वैशाखात ट्रॅक्टरवाला नांगरायला आला, तेव्हा किसनराव पोलाजवळ जाऊन उभे राहिले आणि त्याला अलीकडूनच वळव म्हणाले. समोरच्या शेजाऱ्याला हरिचंद नावाचा कोणी लाइनमन आठवत नव्हता, तो हसला, "काका, देव दिसला का?" म्हणाला. तरी सगळी जागा किसनरावांच्यानं सोडवली नाही. चार तासं सोडली. पोल अजून पिकातच आहे, धुरा त्याच्याकडं थोडा सरकला आहे, एवढंच.

त्या पोलाकडं पाहिलं की त्यांना शेवटचा रविवार आठवतो. त्या दिवशी त्यांनी नक्की ठरवलं होतं. चहा झाला होता, बाकीचे पुढं गेले होते, हरिचंद बेचक्याची काठी सायकलला बांधत होता.

"भाऊ, एक बोलायचं व्हतं," किसनराव म्हणाले.

हरिचंद थांबला. किसनरावांकडं पाहिलं, मग तुरीच्या उभ्या धसकटांकडं, मग पोलाकडं. किसनरावांनी खाली ठेवलेला कप पुन्हा उचलला. हरिचंदनं थोडी वाट पाहिली आणि टोप डोक्यावर चढवला.

"मीच बोलतो," तो म्हणाला. "पोलाला बैल बांधत जाऊ नका, पाटील. पाऊस झाला का करंट उतरतो."

"न्हाई बांधत," किसनराव म्हणाले.