वाळूवरची साय

चिंधी हे काही कुणी हौसेनं ठेवलेलं नाव नव्हे. तिच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली होती, तेव्हा हिच्यावर तरी यमाची नजर पडू नये म्हणून आईनं नाव ठेवलं चिंधी. फाटक्या चिंधीकडे कोण बघतो? यमानं तिला खरंच सोडलं, पण तिच्या माणसांना नाही सोडलं. सन १८८३ च्या श्रावणात पटकीची साथ आली आणि एका आठवड्यात तिचा नवरा गोमा आणि थोरला लेक येसाजी, दोघेही गेले. मागं राहिला धाकटा धाऊ.

साजगावच्या खालच्या अंगाला, पाताळगंगेच्या काठावर तिची वाडी होती. पंधरा-वीस घरं, पुढं भाताची खाचरं आणि प्यायला नदी. उन्हाळ्यात नदी आटली की पात्रातल्या वाळूत झिरे खणायचे, म्हणजे हातभर खोल खड्डे, आणि त्यात पाझरून येणारं पाणी वाटीवाटीनं घागरीत भरायचं. झिरा खणावा तर चिंधीनंच, असं सगळी वाडी म्हणायची. पावसाळ्यात मात्र झिरे बुडायचे आणि घागरीत यायचं ते नदीचं तांबडं पाणी. त्यात तुरटी फिरवायची, फडक्यानं गाळायचं आणि देवाचं नाव घेऊन प्यायचं.

पटकीचं आणि पाण्याचं नातं तेव्हा भल्या भल्या डॉक्टरांनाही पुरतं पटलेलं नव्हतं. चिंधीला ते कुणी शिकवलं नाही. वाडीतली दोन घरं डोंगरातल्या झऱ्याचं पाणी आणत. दीड कोसाची चढण आणि मधे भरलेला ओढा, तरी आणत. त्या श्रावणात त्या दोन घरांत कुणी गेलं नाही. चिंधीनं एवढंच पाहिलं, आणि ते तिच्या मनातून काही केल्या जाईना.

पुढच्या वर्षी ज्येष्ठात नदीकाठी तंबू लागले. समुद्राकाठचं एक शहर वाढत चाललं होतं, तिथल्या विहिरी पुरेनाशा झाल्या होत्या, आणि म्युनिसिपालटीचा इंजिनेर साहेब नदी शोधत फिरत होता. वर डोंगरात धरण बांधायचं, इथं मोठमोठे हौद करून त्यांतल्या वाळूतून पाणी गाळायचं आणि नळानं शहरात न्यायचं, असा बेत. पण आधी या नदीचं तांबडं पाणी इथल्या वाळूतून स्वच्छ निघतं की नाही ते बघायला हवं. त्यासाठी विटांचे दोन लहान हौद बांधले. एकात पाणी निवळायचं, दुसऱ्यात वाळूतून झिरपून तळाच्या तोटीनं बाहेर यायचं.

वाळू धुवायला चिंधीला कामावर घेतलं. तिनं इतकी चोख वाळू धुऊन दिली की साहेबानं मूठभर हातात घेऊन मान डोलावली. चिंधीनं ती संधी सोडली नाही. चाचणी संपल्यावर या हौदाचं काय करणार, असं तिनं दुभाष्याकडून विचारलं. साहेब म्हणाला, पाणी चांगलं निघालं तर हा हौद तुमच्या वाडीला ठेवून जाईन. तिनं दुभाष्याला ते तीनदा विचारून खात्री करून घेतली. त्या दिवसापासून तो हौद तिच्या लेखी वाडीचाच झाला. पुढच्या श्रावणात धाऊ तांबडं पाणी पिणार नव्हता.

साहेब कर्जतला बंगल्यावर गेला आणि चाचणी टिपणीस नावाच्या ओव्हरसियरच्या हाती आली. हा मनुष्य कामसू, हिशेबी आणि सरळ. त्याच्यात खोट एकच, तो भयंकर स्वच्छ होता. पाण्याचा तांब्या तीनदा घासून घेतल्याशिवाय तोंडाला लावायचा नाही. कागदावर माशी बसली तर कागद बदलायचा. साहेबानं त्याला लिहून दिलं होतं की वाळूवर घाण साचून पाणी तुंबू लागलं, की वरचा थर खरवडावा. आता घाण कशाला म्हणायचं, हे टिपणिसाला साहेबानं नाही, त्याच्या आईनं लहानपणीच शिकवलेलं होतं. दुसऱ्याच दिवशी वाळूवर हिरवट-तपकिरी बुळबुळीत पापुद्रा दिसला आणि त्याच्या अंगावर काटा आला.

मग रोज सकाळी एकच काम. हौद रिकामा करा, वाळू खरवडा, धुवा, परत पसरा, पाणी सोडा. तोटीतून रोज पाणी यायचं ते गढूळच. ते काचेच्या बरणीत धरून टिपणीस बरणी छापील कागदासमोर ठेवायचा. पलीकडची अक्षरं दिसली तर पाणी पास. ती कधी दिसायची नाहीत. तो वहीत लिहायचा, ‘नापास’, आणि दुसऱ्या दिवशी आणखी खोल खरवडायला सांगायचा. चिंधीचे पंजे सोलून निघाले, पण तिला हातांपेक्षा डोक्याचा त्रास जास्त होत होता. आपल्या हातानं आपलाच हौद नासतोय हे तिला लख्ख दिसत होतं.

एक दिवस ती खोरं खाली ठेवून म्हणाली, “रावसाहेब, रोज नका खरवडू. नव्या झिऱ्याचं पानी पयल्या दिशी गढूळच असतं. त्याला हात नाय लावला तर आठ दिसांनी निवळशंख येतं. ही साय हाय ना वाळूवरची, ती धरू द्या.”

“साय? अगं, शेवाळ आहे ते,” टिपणीस म्हणाला. “तुझ्या हंड्यात असं शेवाळ धरलं तर ठेवशील का?”

“हंडा येगळा. हंड्यात पानी ऱ्हातं. हितून पानी जातं.”

“साहेबांनी लिहून दिलंय, घाण खरवडा. तुला वाचता येतं?”

“नाय.”

“मग झालं तर.”

चिंधीनं खोरं उचललं. आषाढ गेला, श्रावण गेला. त्या वर्षी देवाच्या कृपेनं पटकी वाडीत आली नाही, पण दरवर्षी कृपा होईलच असं काही देवानं लिहून दिलेलं नव्हतं. आणि वहीत रोज नापास, नापास.

भाद्रपदात टिपणीस गणपतीसाठी घरी निघाला. पाठोपाठ वडिलांचं श्राद्ध, म्हणजे चांगला पंधरवडा. जाताना त्यानं चिंधीला बजावलं, रोजच्या रोज खरवड, एक दिवस चुकवू नकोस. चिंधीनं हो म्हटलं. आयुष्यात सरकारी माणसाशी ती पहिल्यांदाच खोटं बोलली, आणि त्याचं तिला अजिबात वाईट वाटलं नाही.

तिनं हौदाला बोट लावलं नाही. पहिले चार दिवस पाणी तसंच गढूळ. तिची चलबिचल झाली. आपलंच चुकलं असेल तर? सहाव्या दिवशी धार जरा बारीक झाली आणि पाणी उजळलं. बाराव्या दिवशी तिनं बरणी भरून कागदासमोर धरली. अक्षरं तिला वाचता येत नव्हती, पण मुंग्यांच्या रांगांसारखी एकेक वेगळी दिसली. नदी तर अजून तांबडीलालच होती. चिंधी हौदाच्या कडेवर बसली आणि येसाजी गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर रडली. एवढंसं पाणी, एवढीशी वाळू, आणि तेवढ्यावाचून तिची दोन माणसं गेली होती.

टिपणीस परतला तो हौद बघून भडकलाच. वाळूवर पंधरा दिवसांची जाड, काळपट साय. चिंधीनं बरणी पुढं केली, ती त्यानं नीट बघितलीसुद्धा नाही.

“कामचुकार बाई आहेस. हे पाणी झऱ्याचं भरून ठेवलंयस,” तो म्हणाला आणि उभ्या उभ्या हौद रिकामा करवून, दुसरे गडी लावून तळापर्यंत खरवडून घेतला. साहेब उद्या कर्जतहून शहरात परत जाणार, चाचणीचा निकाल त्याच्या हाती द्यायचा होता. तो घेऊन टिपणीस तेव्हाच निघाला.

चिंधीजवळ भरलेली ती एक बरणी उरली. तिनं दुसरीत नदीचं तांबडं पाणी घेतलं, दोन्ही टोपलीत गवतात बसवल्या, टोपली डोक्यावर घेतली आणि उजाडायला कर्जतच्या वाटेला लागली. खोपोली, पळसदरी, रुळांच्या कडेकडेनं चिखल तुडवत चार-पाच कोस. धाऊला तिनं सांगितलं, “कागूद नाय वाचता येत मला. पन ज्याला वाचता येतो त्याला डोळं बी असतील ना.”

बंगल्यावर साहेब व्हरांड्यात होता, पेट्या बांधून झाल्या होत्या. शेजारी टिपणीस उभा. चिंधीला बघून त्याचा चेहरा उतरला. तिनं दोन्ही बरण्या टेबलावर मांडल्या आणि एका दमात सगळं सांगितलं. तांबडं ते नदीचं. स्वच्छ ते तुमच्या हौदाचं, पंधरा दिवस न खरवडता निघालेलं. रोज खरवडतात म्हणून पाणी बिघडतं. वाळूत खोट नाय, नदीत खोट नाय. आणखी पंधरा दिवस द्या, मी दाखवते.

साहेबानं टिपणिसाकडे बघितलं. दुभाष्या आधीच शहरात परतला होता, तेव्हा ते काम आता तोच करणार; दारातल्या म्हाताऱ्या पट्टेवाल्याला कोण विचारतो? टिपणीस मुळात दुष्ट नव्हता, हे म्हणायलाच हवं. पण तीन महिन्यांच्या वहीवर त्याची सही होती, आणि ती सगळी वही चुकीची आहे असं एका वाळू धुणाऱ्या बाईच्या तोंडून साहेबाला सांगायचं, तर नोकरी राहते की जाते कोण जाणे. घाबरलेला मनुष्य काय करील याचा नेम नसतो. चिंधी एवढं बोलली होती, तो चारच वाक्यं बोलला.

साहेबानं मान हलवली. तांबड्या बरणीवर बोटानं टकटक केलं, खिन्न हसला. मग स्वच्छ बरणीतलं पाणी पेल्यात ओतून प्यायला आणि चिंधीकडे बघून काही बोलला.

“साहेब म्हणतात, फार छान पाणी आहे,” टिपणीस तिच्याकडे न बघता म्हणाला.

चिंधीला वाटलं, जिंकलो. ती मागच्या दारापर्यंत गेली असेल नसेल, तोच बंगल्याचा पट्टेवाला वाघ्या मागून आला. साहेबांच्या चाकरीत म्हातारा झालेला, इंग्रजी कळणारा.

“तू काय सांगितलंस त्ये मी आयकलं,” तो म्हणाला. “त्येनं साहेबाला सांगितलं, तांबडं पानी हौदाचं हाय, तीन म्हयने गाळलेलं. आन चांगलं पानी ह्या बाईच्या डोंगरातल्या झऱ्याचं, साहेबास्नी भेट आनलंय.”

चिंधी वळली आणि धावली. टांगा फाटकातून बाहेर पडत होता. ती ओरडली, “साहेब, ते पानी हौदाचं हाय.” साहेबानं टांग्यातून टोपी उचलून तिचा निरोप घेतला. किती भली बाई, इतक्या लांबून पाणी घेऊन आली, असंच त्याला वाटलं असणार. टिपणीस समोरच्या बाकावर मान खाली घालून बसला होता.

शहरानं दुसरी नदी निवडली. ही वाळू कुचकामी असा शेरा पडला. दिवाळीनंतर गडी आले, हौद फोडला आणि विटा गाडीत भरून नेल्या. वाळू तेवढी कुणाला नको होती.

चिंधीनं ती पाट्या भरभरून घरी आणली. एका मोठ्या रांजणाला बुडाशी भोक पाडलं, आत खडे, वर वाळू, खाली घागर. सकाळ-संध्याकाळ वरून पाणी घालायचं, वाळू कधी उघडी पडू द्यायची नाही. वाळूवर साय धरली, पाणी निवळलं. वाडीतल्या बायका नाक मुरडायच्या. सोनुबाई तर म्हणायची, “शी, गं, तू शेवाळातलं पानी पितंस?” चिंधीनं पहिल्यांदा समजावलं, मग भांडून बघितलं, मग तोंड मिटलं. दुसऱ्या श्रावणात पटकी आली. सोनुबाईचा नातू गेला. चिंधीच्या घरात कुणाला ढाळ लागले नाहीत. “तुझं नशीब बरं,” बायका म्हणाल्या. तिला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

त्यानंतरच्या वर्षी धाऊचं लग्न झालं. सून मैना, कशेळ्याकडची, कामाला वाघीण. गौरी यायच्या होत्या. चिंधी खाचरातून परत आली तर अंगण सारवलेलं, भांडी झगझगीत, आणि रांजण उन्हात पालथा घातलेला, आतून राखेनं घासून लख्ख. वाळू धुऊन सुपात वाळत घातली होती.

“आत्या, किती घान साचली हुती त्यात,” मैना कौतुकाची वाट बघत म्हणाली. “दोन घटका घासत बसले.”

चिंधीच्या डोळ्यांपुढं टिपणीस उभा राहिला. तोच हुरूप, तोच स्वच्छ चेहरा. तिच्या तोंडून एक शिवी अगदी ओठांपर्यंत आली. पण या पोरीनं कुठं वही लिहिली होती? तिनं पायरीवर बसून मैनेला शेजारी बसवलं आणि झिऱ्यापासून कर्जतच्या बंगल्यापर्यंत सगळं सांगितलं. मैना डोळे मोठे करून ऐकत राहिली. कुणी मधे बोललं नाही, कुणी तिचं बोलणं दुसऱ्या भाषेत फिरवलं नाही.

“मंग आता पंधरा दिस डोंगरातलं पानी मीच आनीन,” मैना हळूच म्हणाली. थोडा वेळ ती सुपातल्या वाळूवरून बोट फिरवत बसली. मग म्हणाली, “पन आत्या, एवढी सोपी गोष्ट. तुमी कुनाला सांगितली का नाय?”

चिंधीनं मूठभर वाळू उचलली आणि बोटांतून परत सुपात सोडली.

“सांगितली हुती, गं,” ती म्हणाली, आणि रांजण सरळ करायला उठली.